लोकवर्गणीतून ॲनिमे वाहिनी : पैसे नेमके कशासाठी मागितले जात आहेत?

शाईपेन (धागाकर्ता)

चोवीस तास केवळ ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, दाखवणारी स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी सुरू करण्याची घोषणा एका नव्या कंपनीने केली आहे. तिच्यासाठी लागणारे भांडवल क्राउडफंडिंगमधून, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या चाहत्यांच्या वर्गणीतून, उभे करण्याचा त्यांचा मानस आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी आवाहने अधूनमधून येतच असतात, त्यांचा साचा जवळपास एकच असतो, आणि मला जे म्हणायचे आहे ते त्या साच्याविषयी आहे.

आवाहनाच्या पानावर सर्वांत वर गाजलेल्या मालिकांमधील पात्रांचे एक भलेमोठे एकत्रित चित्र आहे. या मालिकांचे परदेशातील हक्क आज वेगवेगळ्या वितरकांकडे आहेत, आणि त्यांपैकी एकाचेही नाव पानावर कोठे सापडत नाही. चित्राखाली बारीक अक्षरांत ‘हक्कधारकांशी बोलणी सुरू आहेत’ एवढे एक वाक्य आहे. मग बक्षिसांची उतरंड लागते. सर्वांत लहान रकमेला आभाराचा ईमेल, त्याहून मोठीला स्टिकर, मग टी-शर्ट, मग ‘संस्थापक सदस्य’ असे प्रमाणपत्र आणि सर्वांत वरच्या पायरीवर आजीवन सदस्यत्व. निधीचा विनियोग सांगणारा एक गोल आलेख आहे. त्यात कार्यक्रम, तंत्रज्ञान, प्रसिद्धी आणि इतर असे चार रंगीत तुकडे आहेत, पण एकाही तुकड्यावर रक्कम लिहिलेली नाही. टी-शर्टाच्या मापांचा तक्ता मात्र पूर्ण आणि बिनचूक आहे.

माझा मुख्य आक्षेप असा की, क्राउडफंडिंग ज्या कामासाठी चांगले चालते, ते काम आणि वाहिनी चालवणे यांत मूलभूत फरक आहे. ॲनिमेच्या क्षेत्रात या मार्गाने झालेली चांगली कामे आठवून पाहा. २०१२ मध्ये जपानी दिग्दर्शक मासाआकी युआसा यांच्या ‘किक-हार्ट’ या सुमारे बारा मिनिटांच्या लघुपटासाठी किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर दीड लाख डॉलर मागितले गेले आणि दोन लाखांहून थोडे अधिक जमले. पुढच्याच वर्षी ट्रिगर या स्टुडिओने ‘लिटल विच अकॅडेमिया’च्या दुसऱ्या भागाची लांबी वाढवण्यासाठी तेवढीच रक्कम मागितली आणि सहा लाख पंचवीस हजारांवर डॉलर मिळवले. या दोन्ही ठिकाणी मागणी एका मर्यादित वस्तूची होती. चित्रपट पूर्ण झाला की खर्च संपतो, तो लोकांच्या हाती पडतो आणि हिशेब मिटतो. वाहिनीचा खर्च मात्र पहिल्या प्रक्षेपणाच्या दिवशी सुरू होतो आणि त्यानंतर दर महिन्याला, प्रेक्षक असोत वा नसोत, येतच राहतो. एकदा गोळा केलेल्या वर्गणीतून फार तर उद्घाटन होईल. सातव्या किंवा आठव्या महिन्याचे पैसे कोठून येणार, हे पानावर कोठेही लिहिलेले नाही.

आता हक्कांविषयी, कारण सारे घोडे तेथेच पेंड खाते. बहुतेक टीव्ही मालिकांची मालकी एका स्टुडिओकडे नसते. प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणी बनवणारी कंपनी, वाहिनी अशा अनेकांनी मिळून स्थापन केलेल्या निर्मिती समितीकडे ती असते. परदेशात मालिका विकताना ही समिती प्रदेश, मुदत आणि माध्यम ठरवून परवाना देते, आणि स्ट्रीमिंगचे, डिस्कचे व दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाचे हक्क वेगवेगळे मोजले जातात. बहुधा एखादा मोठा वितरक हे सगळे हक्क एकत्र घेऊन ठेवतो. त्यासाठी तो ‘मिनिमम गॅरंटी’ म्हणून एक ठरावीक रक्कम आगाऊ भरतो. ती वसूल झाल्यानंतरच पुढच्या उत्पन्नाची वाटणी सुरू होते. याचा अर्थ, नव्या वाहिनीला गाजलेली मालिका हवी असेल तर तिला जपानमधील समितीकडे नव्हे, तर या वितरकाकडे जाऊन उपपरवाना मागावा लागेल, आणि तो वितरक बहुतेक वेळा स्वतःचीच स्ट्रीमिंग सेवा चालवत असतो. ज्याच्या प्रेक्षकांवर तुमचा डोळा आहे, त्याच्याकडूनच तुम्हाला माल विकत घ्यायचा आहे. तो कोणत्या दराने देईल आणि देईल तरी का, या प्रश्नाला ‘बोलणी सुरू आहेत’ हे उत्तर होऊ शकत नाही.

किती मालिका लागतील, याचाही अंदाज बांधून पाहू. दिवसात अर्ध्या तासाचे ४८ कप्पे असतात. सहा तासांचा एकच संच दिवसातून चार वेळा दाखवला, तरी रोज १२ भाग लागतात आणि महिन्याला ३६०, म्हणजे १२ भागांच्या ३० मालिका. हा पहिल्या महिन्याचा हिशेब झाला. पुनःप्रक्षेपण वाढवून ही संख्या निम्म्यावर आणता येईल, पण मग ज्या प्रेक्षकाला हवा तो भाग हवा तेव्हा फोनवर पाहता येतो, त्याने तोच भाग आठव्यांदा लागण्याची वाट का पाहावी?

शेवटचा मुद्दा निधी गोळा करण्याच्या पद्धतीचा. किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठले नाही तर कोणाच्याही खात्यातून पैसे जात नाहीत. इतर काही ठिकाणी जेवढे जमेल तेवढे ठेवण्याचीही सोय असते, आणि या कंपनीने तोच पर्याय निवडला आहे. उद्दिष्टाच्या दहा टक्केच रक्कम जमली तर तेवढ्यात वाहिनी सुरू होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. मग त्या दहा टक्क्यांचे काय करणार? मला हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा अधिक खटकतो.

ज्यांना हे सगळे नकारात्मक वाटत असेल, त्यांनी आपली बाजू जरूर मांडावी.

कॅसेटयुग

आपण हक्कांचा मुद्दा योग्य मांडलात. त्याला थोड्या इतिहासाची जोड देतो, कारण चोवीस तासांची ॲनिमे वाहिनी ही कल्पना अजिबात नवी नाही आणि ती ज्यांनी राबवली ते या नव्या कंपनीपेक्षा कितीतरी सबळ होते.

अमेरिकेत ‘एडीव्ही फिल्म्स’ या वितरकाने २००२ मध्ये ‘ॲनिमे नेटवर्क’ सुरू केले. त्यांच्याकडे स्वतःचा मोठा संग्रह होता, डबिंगची स्वतःची व्यवस्था होती आणि डिस्कचा धंदा त्या काळी तेजीत होता. तरीही २००८ च्या सुरुवातीला चोवीस तासांचे प्रक्षेपण थांबवून त्यांना केवळ मागणीनुसार पाहण्याच्या सेवेवर यावे लागले. फ्युनिमेशन या दुसऱ्या वितरकाने २००५ मध्ये स्वतःची वाहिनी काढली, आणि २०१५ च्या अखेरीस तिच्या जागी ‘टोकू’ ही दुसरीच वाहिनी आली. ब्रिटनमध्ये ‘ॲनिमे सेंट्रल’ २००७ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्येच बंद पडली. सोनीसारख्या कंपनीचे पाठबळ असलेली ‘ॲनिमॅक्स’ची ब्रिटनमधील सेवाही, जी मुळात स्ट्रीमिंगचीच होती, २०१३ ते २०१८ एवढीच टिकली.

या यादीतील पहिल्या दोघांना माल विकत घ्यावाच लागत नव्हता. तो त्यांच्या घरचाच होता. केबल कंपन्यांशी बोलायला त्यांच्याकडे माणसे होती. त्यांना जे जमले नाही, ते स्टिकर आणि टी-शर्ट विकून जमेल असे मानायचे असेल, तर दरम्यानच्या काळात काय बदलले हे कंपनीने सांगायला हवे. बदलले आहे ते उलट दिशेने. २००५ मध्ये वाहिनी हा मालिका पाहण्याचा सोपा मार्ग होता, कारण दुसरा मार्ग म्हणजे महागड्या डिस्क. क्रंचीरोल या स्ट्रीमिंग सेवेने २००९ मध्ये अधिकृत परवाने घेऊन जपानमधील प्रक्षेपणाबरोबरच भाग दाखवायला सुरुवात केली आणि ती गरजच उरली नाही.

एक खुलासा आधीच करून ठेवतो. जपानमधील ‘एटी-एक्स’चे उदाहरण कोणी तरी देणारच. ती वाहिनी १९९७ पासून चालू आहे आणि वर्गणीदारांच्या पैशांवर चालते, हे खरे; पण ती टीव्ही टोकियोच्या गटातील आहे आणि स्वतः अनेक मालिकांच्या निर्मिती समित्यांमध्ये भागीदार असते. शिवाय जपानमध्ये मध्यरात्रीच्या मालिकांसाठी बहुधा समितीच वाहिनीला वेळेचे पैसे देते, कारण ते प्रक्षेपण म्हणजे डिस्कची आणि इतर मालाची जाहिरात असते. तेथे पैसा ज्या दिशेने वाहतो, त्याच्या नेमक्या उलट दिशेने तो परदेशी वाहिनीच्या बाबतीत वाहतो. त्यामुळे तेथील यशाचा दाखला येथे लागू पडत नाही.

केशरीकोल्हा

मी या मोहिमेच्या बाजूने थोडे बोलू इच्छितो, कारण वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण असले तरी त्यांतून निघणारा अर्थ असा होतो की, मोठ्या कंपन्यांना जे जमले नाही त्याच्या वाटेला लहानांनी जाऊच नये.

टूनामीचे उदाहरण घ्या. अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर १९९७ मध्ये सुरू झालेला, ॲनिमेही दाखवणारा हा कार्यक्रम-पट्टा २००८ मध्ये बंद झाला. २०१२ च्या एक एप्रिलला ‘ॲडल्ट स्विम’ या त्याच वाहिनीच्या रात्रीच्या विभागाने गंमत म्हणून तो एका रात्रीपुरता परत आणला, चाहत्यांनी समाजमाध्यमांवर एवढी मागणी लावून धरली की त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो नियमितपणे सुरू झाला. वेळापत्रकानुसार, सगळ्यांनी एकाच वेळी, निवेदकाच्या सोबतीने मालिका पाहण्यात काही वेगळी गोडी आहे, हे त्यावरून दिसतेच. स्ट्रीमिंगच्या अथांग यादीसमोर बसून ‘आज काय पाहू’ या विचारात अर्धा तास घालवणाऱ्यांना कोणी तरी जाणकाराने निवडून दिलेले हवे असू शकते.

दुसरे असे की, वर्गणीतून संपूर्ण खर्च भागत नाही म्हणून ती निरर्थक ठरत नाही. सुनाओ काताबुची यांच्या ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ या चित्रपटाला गुंतवणूकदार मिळत नव्हते. २०१५ मध्ये ‘माकुआके’ या जपानी संकेतस्थळावर दोन कोटी येन मागितले गेले आणि ३,३७४ लोकांनी मिळून सुमारे ३ कोटी ९० लाख येन दिले. चित्रपट एवढ्या पैशांत होणार नव्हताच. पण हा चित्रपट लोकांना हवा आहे याचा तो पुरावा होता. त्यानंतर निर्मिती समिती उभी राहिली आणि २०१६ मध्ये चित्रपट आला. ही नवी कंपनीही चाहत्यांच्या वर्गणीचा आकडा घेऊन वितरकांकडे आणि केबल कंपन्यांकडे जाणार असेल, तर त्यात गैर काय? हक्क हातात नाहीत म्हणून पैसे देऊ नका आणि पैसे नाहीत म्हणून हक्क मिळत नाहीत, या चक्रातून नवख्याने बाहेर पडावे तरी कसे?

शाईपेन

आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही.

काताबुचींच्या चित्रपटाचे उदाहरण मला तुमच्यापेक्षा वेगळे काही सांगते. त्या आवाहनात पैसे कशासाठी हवेत हे नेमके सांगितलेले होते: कामासाठी माणसे जमवणे आणि गुंतवणूकदारांना दाखवण्याजोगी एक छोटी नमुना-फीत तयार करणे. मूळ चित्रकथेचे हक्क, दिग्दर्शक, अनेक वर्षांचे संशोधन हे सगळे आधीपासून जागेवर होते. वर्गणी देणाऱ्याला आपले पैसे कोठे थांबणार आणि दुसऱ्यांचे कोठून सुरू होणार, हे ठाऊक होते. या कंपनीने ‘आम्हाला केवळ बाजाराची चाचणी घ्यायची आहे, त्यासाठी अमुक एवढी रक्कम हवी, आणि परवाने मिळाले नाहीत तर उरलेले पैसे परत करू’ असे लिहिले असते, तर मी हा धागा काढलाच नसता. तिने लिहिले आहे की, तुमच्या वर्गणीतून वाहिनी सुरू होईल.

टूनामीच्या बाबतीत, ज्या वाहिनीवर तो पट्टा परतला ती आधीपासून लाखो घरांत पोहोचत होती. तिला एक रात्र मोकळी करायची होती. उपग्रहावरील जागा, केबल कंपन्यांशी करार, जाहिरात विभाग यांतील काहीच नव्याने उभारायचे नव्हते. चाहत्यांची मागणी मोलाची होती, हे मान्य; पण ती मागणी चालत्या गाडीत बसण्याची होती, येथे रूळही टाकायचे आहेत.

तुम्ही म्हणता त्या चक्रातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे लहान सुरुवात. एखाद्या चालू वाहिनीवर आठवड्यातून दोन तास विकत घ्यावेत, दोन-तीन कमी प्रसिद्ध पण चांगल्या जुन्या मालिकांचे परवाने घ्यावेत आणि सहा महिने ते चालवून दाखवावे. त्यासाठी वर्गणी मागितली, तर मी पहिल्या दिवशी देईन.

तेराभाग

आजीवन सदस्यत्वाविषयी दोन ओळी. ते कोणाच्या आयुष्याशी बांधलेले असते, हे आपण गृहीत धरतो. करारात ते बहुधा सेवेच्या आयुष्याशी बांधलेले असते. फ्युनिमेशनची सेवा एप्रिल २०२४ मध्ये क्रंचीरोलमध्ये विलीन होऊन बंद झाली, तेव्हा डिस्कबरोबर मिळालेले संकेतांक भरून लोकांनी आपल्या खात्यात साठवलेल्या डिजिटल प्रती नव्या सेवेत गेल्या नाहीत. ती तर चालता धंदा असलेली कंपनी होती. जी वाहिनी अजून जन्मालाच आलेली नाही, तिच्या आजीवन सदस्यत्वाला मी किती किंमत द्यावी?

मध्यरात्र

कायदेशीर अंग येथे कोणी मांडलेले नाही, म्हणून लिहितो. ही मोहीम डॉलरमध्ये निधी गोळा करत असल्याने अमेरिकेतील नियमांपुरते बोलतो.

बक्षिसाच्या बदल्यात दिलेली वर्गणी ही गुंतवणूक नसते. ‘संस्थापक सदस्य’ या शब्दांमुळे अनेकांचा तसा समज होतो, पण त्या प्रमाणपत्राने कंपनीत तुमचा कणभरही वाटा निर्माण होत नाही. वाहिनी उद्या यशस्वी झाली आणि एखाद्या मोठ्या समूहाने मोठ्या रकमेला विकत घेतली, तरी संस्थापक सदस्यांच्या पदरी टी-शर्टच राहील. क्रंचीरोल सोनीने २०२१ मध्ये १.१७५ अब्ज डॉलरला घेतली. आरंभीच्या वर्षांत जे केवळ पैसे भरून सदस्य झाले होते, त्यांना त्यातले काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. याउलट जोखीम मात्र गुंतवणूकदाराइतकीच आहे.

चाहत्यांकडून खरोखर भांडवल घ्यायचे असेल, तर त्याचाही मार्ग आहे. २०१२ च्या जॉब्स कायद्यानुसार केलेले नियम २०१६ मध्ये लागू झाले आणि त्यांनुसार लहान कंपन्या सामान्य लोकांकडून समभागांच्या बदल्यात पैसे घेऊ शकतात. २०२१ पासून त्याची मर्यादा बारा महिन्यांत पन्नास लाख डॉलर आहे. पण त्यासाठी नोंदणीकृत मध्यस्थ लागतो, आर्थिक विवरणपत्रे जाहीर करावी लागतात, संचालक कोण आहेत आणि पैसे कशावर खर्च होणार हे लेखी द्यावे लागते. वाहिनी हा दीर्घकाळ चालणारा व्यवसाय असल्याने तिला हाच मार्ग स्वाभाविक ठरला असता. तो सोडून स्टिकरचा मार्ग का निवडला, हे मी कंपनीला विचारू इच्छितो.

फसले तर दाद कोठे मागायची, असेही कोणी विचारेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, क्राउडफंडिंगमधील पहिली कारवाई २०१५ मध्ये केली. एका बोर्ड गेमसाठी ३५ हजार डॉलर मागून १ लाख २२ हजारांवर डॉलर मिळालेल्या माणसाने ते पैसे घरभाड्यासारख्या खासगी गोष्टींवर उडवले होते. म्हणजे दाद मागता येते, पण ती निधीचा गैरवापर सिद्ध झाला तर. प्रामाणिकपणे खर्च करून वाहिनी उभी राहिली नाही, तर तो गुन्हा ठरत नाही, आणि खरी भीती त्याचीच आहे.

प्रमाणाचीही कल्पना यावी म्हणून सांगतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील इथन मॉलिक यांच्या २०१५ च्या पाहणीत किकस्टार्टरवरील यशस्वी प्रकल्पांपैकी सुमारे नऊ टक्क्यांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही असे आढळले. त्यांच्याच आधीच्या अभ्यासात तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रकल्प उशिरा पूर्ण झाल्याचे दिसले होते. नऊ टक्के हा आकडा मला वाईट वाटत नाही. पण हे बहुतांशी खेळ, पुस्तके, उपकरणे असे एकदा बनवून पाठवून देण्याचे प्रकल्प होते.

उपशीर्षक

मी अनुवादाच्या कामात आहे, त्यामुळे माझी नजर पानावरच्या एका वेगळ्याच ओळीवर अडकली. वर कोणी तिचा उल्लेख केलेला नाही. बक्षिसांच्या खाली ‘आमच्या परिवारात सामील व्हा’ असा एक भाग आहे आणि त्यात उपशीर्षके तयार करण्यासाठी, तपासण्यासाठी आणि समाजमाध्यमे सांभाळण्यासाठी ‘उत्साही स्वयंसेवक’ हवेत असे म्हटले आहे. म्हणजे चाहत्यांनी पैसेही द्यायचे आणि श्रमही फुकट द्यायचे.

चोवीस मिनिटांच्या एका भागाची उपशीर्षके चांगली व्हायची असतील तर भाषांतर, वेळेची जुळणी, संपादन आणि अंतिम तपासणी एवढे टप्पे असतात. पडद्यावरच्या पाट्या, पत्रे, फोनवरचे संदेश यांचे काम वेगळे. शाईपेन यांनी वर महिन्याला ३६० भागांचा हिशेब मांडला आहे. एवढे काम फावल्या वेळात होत नाही. तयार उपशीर्षके आणि डबिंग आधीच्या वितरकाकडे असतात, पण ती वापरायची तर त्यांचेही पैसे मोजावे लागतात. त्याशिवाय दूरचित्रवाणीसाठी फितीची तांत्रिक प्रत वेगळी लागते, श्रवणदोष असणाऱ्यांसाठी अमेरिकेत बंद मथळ्यांचे (क्लोज्ड कॅप्शनचे) नियम पाळावे लागतात, जाहिरातींसाठी भाग कोठे तोडायचा हे ठरवावे लागते. आलेखातील ‘तंत्रज्ञान’ नावाच्या तुकड्यात यांतले काय धरले आहे, कोणास ठाऊक.

ज्या कंपनीला आपल्या मुख्य कामासाठी पगारी माणसे ठेवण्याची तरतूद करता येत नाही, तिने वाहिनीची भाषा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केशरीकोल्हा

स्वयंसेवकांची ओळ माझ्या नजरेतून सुटली होती, आणि ती मलाही अजिबात आवडलेली नाही. समभागांच्या मुद्द्यावर मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. त्या मार्गाचा कायदेशीर आणि लेखापरीक्षणाचा खर्चच लहान कंपनीला जड जातो, म्हणून बक्षिसांचा मार्ग घेतला म्हणजे काही तरी लपवायचे आहे, असे लगेच म्हणता येणार नाही.

तसेच केबलचा विचार करताना आपण जुन्याच चित्रात अडकलो आहोत का? आता प्लूटो टीव्हीसारख्या ठिकाणी जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत वाहिन्या इंटरनेटवरून दाखवल्या जातात. उपग्रह नको, केबलचा करार नको. क्रंचीरोलनेही २०२३ मध्ये तशी वाहिनी काढली. म्हणजे वेळापत्रकाने चालणाऱ्या ॲनिमे वाहिनीला जागा आहे, असे त्यांच्यासारख्यांनाही वाटते.

कॅसेटयुग

जागा आहे, याबद्दल दुमत नाही. पण ती कोणाला आहे ते पाहा. क्रंचीरोलची वाहिनी म्हणजे त्यांच्याकडे आधीच असलेल्या मालिकांचे एक दुकानाबाहेरचे प्रदर्शन आहे. प्रेक्षकाने पाहावे आणि मग आत येऊन वर्गणी भरावी, असा तिचा उद्देश आहे. प्रक्षेपण स्वस्त झाले याचा फायदा ज्याच्याकडे माल आहे त्याला होतो. ज्याला माल विकत घ्यायचा आहे, त्याचा मुख्य खर्च होता तेथेच राहतो, आणि स्पर्धक मात्र वाढतात.

या निमित्ताने ‘ॲनिमे सोल्स’ची आठवण करून देतो, कारण तो प्रयत्न अधिक सच्चा आणि अधिक बोधप्रद होता. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर जुन्या मालिका अधिकृतपणे मोफत दाखवल्या जात आणि त्यांच्या डीव्हीडी संचांसाठी वर्गणी मागितली जाई. ठरलेली रक्कम जमली तरच संच निघे, नाही तर कोणाचे पैसे कापले जात नसत. हक्क आधी घेतलेले, वस्तू ठरलेली, रक्कम ठरलेली. शाईपेन ज्या अटी घालत आहेत त्या जवळपास सगळ्या पाळलेल्या. ‘क्रीमी मामी’चे संच निघाले. पण इतर अनेक मालिकांना पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत आणि २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद झाले. मंचांवर जुन्या मालिकांविषयी गहिवरून लिहिणारे आपण पाकिटात हात घालायची वेळ आली की किती जण उरतो, याचे ते मोजमाप होते.

शाईपेन

ॲनिमे सोल्सबद्दल आभार. ते बंद पडले तेव्हाही पैशांच्या बाबतीत कोणी त्यांना नावे ठेवली नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. अपयश येऊनही अब्रू शाबूत राहण्याची ती रीत आहे.

केशरीकोल्हा, आपण आधीच्या प्रतिसादात नवख्याने काय करावे असे विचारले होते. लहान सुरुवातीचा मार्ग मी सांगितलाच आहे. पण याच मोहिमेला पैसे द्यायचे तर मला काय दिसायला हवे, हेही सांगतो. एका तरी वितरकाचे नाव आणि सही झालेला एक तरी करार, मग तो कितीही अप्रसिद्ध मालिकेचा असो. चार रंगांच्या आलेखाऐवजी बारा महिन्यांचे अंदाजपत्रक, ज्यात उत्पन्नाची बाजूही असेल. कंपनी चालवणाऱ्यांची खरी नावे आणि त्यांचा या क्षेत्रातील पूर्वानुभव. आणि उद्दिष्ट गाठले नाही तर पैसे परत, ही अट. यांतील शेवटची अट तर आजच्या आज, एकही पैसा खर्च न करता, केवळ पर्याय बदलून पूर्ण करता येण्याजोगी आहे. तिच्याबाबत कंपनी काय करते, त्यावरून मी बरेच काही ताडणार आहे.

हे चारही मुद्दे मी त्यांच्या पानावर नम्र शब्दांत विचारले आहेत. ‘आपल्या उत्साहाबद्दल आभार, लवकरच तपशील जाहीर करू’ असे उत्तर काल आले. त्याच उत्तराची प्रत माझ्या आधी प्रश्न विचारणाऱ्या दोघांच्या खालीही आहे, शब्दन्‌शब्द तीच.

तेराभाग

उत्तर तेच असले तरी प्रश्न तेथे राहू द्यावेत. नव्याने पान उघडणाऱ्याला ते दिसतील.

केशरीकोल्हा

मी सर्वांत खालच्या पायरीची रक्कम द्यायचे ठरवले होते, ते तूर्त थांबवत आहे. त्यांनी ‘उद्दिष्ट पूर्ण झाले तरच’ हा पर्याय घेऊन नव्याने मोहीम सुरू केली, तर मी नक्की देईन, कारण किकस्टार्टरवर शेवटचे चोवीस तास सुरू होईपर्यंत दिलेला शब्द मागे घेता येतो आणि तोवर एखाद्या कराराची बातमी आली आहे की नाही हे पाहून ठरवता येते. शाईपेन यांच्या चार प्रश्नांखाली माझाही एक प्रश्न मी आज जोडला आहे: स्वयंसेवकांना मानधन देणार का, आणि आलेखातील कोणत्या तुकड्यातून?